रेघ आणि वेग

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराच्या पश्चिमेला न्यूब्रिज नावाचं गाव आहे. ग्लासगोकडून येणारा एम-८ हा मोटारमार्ग १९७० च्या दशकात तिथल्या एका मोठ्या गोल चौकात येऊन संपायचा. तोवर मैलोन्‌मैल सिग्नल नाही, वाटेत आडवं येणारं कुणी नाही, आणि मग समोर थेट चौक. चौक येतोय हे सांगणाऱ्या मोठमोठ्या पाट्या होत्या. गाडीवाले त्या वाचत होते आणि वेगही कमी करत होते. पण तो पुरेसा कमी होत नव्हता, आणि तो पुरेसा कमी झालेला नाही हे त्यांना चौकात शिरेपर्यंत कळत नव्हतं.

यात बेदरकारपणा थोडा होता, शरीरधर्म जास्त होता. बराच वेळ ताशी शंभरच्या आसपास गाडी चालवली की डोळे आणि मेंदू त्या वेगाला सरावतात. मग तोच वेग वेग वाटेनासा होतो आणि त्याहून कमी असलेला प्रत्येक वेग आहे त्यापेक्षा फारच कमी भासतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून उतरून शहरात शिरणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. काटा साठावर असतो आणि गाडी रांगते आहे असं वाटतं. अशा वेळी माणूस काट्याकडे क्वचितच बघतो. अंगाला जे वाटतं त्यावर तो पाय ठेवतो किंवा उचलतो.

ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेसाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन डेंटन याच सरावाचा अभ्यास करत होते. ज्या डोळ्यांची फसगत होते आहे त्यांनाच उलट्या दिशेने थोडं फसवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. न्यूब्रिजच्या चौकाकडे येणाऱ्या रस्त्यावर त्यांनी पिवळ्या रंगाचे आडवे पट्टे मारून घेतले. या पद्धतीत एकूण ९० पट्टे असतात, प्रत्येक सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, आणि सगळे मिळून चारेकशे मीटरचा टप्पा व्यापतात. खरी मेख त्यांच्यामधल्या अंतरात आहे. सुरुवातीचे पट्टे एकमेकांपासून सात-साडेसात मीटरवर असतात. पुढे हे अंतर हळूहळू आवळत जातं आणि चौकाजवळ ते तीन मीटरच्याही आत येतं.

गाडीत बसून याचा हिशोब मांडू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पट्टे साडेसात मीटरवर असताना चाकांखालून सेकंदाला जेमतेम चार पट्टे जातात. चालकाने वेग तसाच ठेवला तर शेवटच्या टप्प्यात सेकंदाला दहा पट्टे जायला लागतात. काटा हलला नसला तरी नजरेच्या लेखी गाडी अडीचपटीहून अधिक वेगाने सुटलेली असते. पट्ट्यांचा आधीचाच ठेका कायम राहावा असं शरीराला वाटलं, तर चौकाच्या तोंडाशी वेग ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास आणावा लागतो. इतका काटेकोर हिशोब कुणीही करत नाही. पण काहीतरी फार वेगाने अंगावर येतंय ही भावना पायापर्यंत पोहोचते.

न्यूब्रिजला गाड्यांचा सरासरी वेग २० टक्क्यांहून अधिक उतरला. आधीच्या वर्षभरात तिथे १४ अपघात झाले होते, पट्टे मारल्यानंतरच्या १६ महिन्यांत २ झाले. एकाच जागेच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये, कारण ज्या वर्षी अपघात फार झाले म्हणून एखादी जागा निवडली जाते, तिथे पुढच्या वर्षी ते काही न करताही थोडे उतरतात. म्हणून ब्रिटनमध्ये पुढे अनेक ठिकाणी पट्टे मारून मोठी पाहणी झाली. तिचा अहवाल १९८१ मध्ये आला. वेगाशी थेट संबंध असलेले अपघात त्या ठिकाणी ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. लोखंड नाही, पोलीस नाही, कॅमेरा नाही, नुसता रंग.

वेग आपल्याला कळतो तो कसा, हे इथे थोडं थांबून पाहायला हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलासाठी काम करताना हा प्रश्न हाती घेतला. विमान उतरवताना वैमानिकाला जमीन कशी दिसते? त्यांचं निरीक्षण असं की आपण पुढे जातो तेव्हा सगळं दृश्य एका बिंदूपासून बाहेर वाहत येतं. जिकडे निघालो तो बिंदू जवळपास स्थिर राहतो, आणि जे आपल्या बाजूने मागे जातं ते सर्वांत वेगाने सरकतं. म्हणून वेगाची जाणीव मुख्यतः नजरेच्या कडांना होते. रस्त्याच्या कडेची झाडं, कठडे, डांबरावरची खडी, रंगाचे पट्टे हे सगळे त्या प्रवाहातले टिपके. टिपके कमी, तर वेगाची जाणीव कमी. रात्री मोकळ्या माळरानावर नव्या काळ्याभोर डांबरावरून जाताना गाडी उभी आहे की काय असं वाटतं, ते यामुळेच.

यात डोळ्याच्या उंचीचाही वाटा आहे. जमिनीपासून जितकं वर बसावं तितकी जमीन हळू सरकताना दिसते. त्यामुळे ट्रकच्या केबिनमध्ये किंवा उंच एसयूव्हीत बसलेल्याला तोच वेग छोट्या मोटारीतल्या माणसापेक्षा कमी वाटतो. आडव्या पट्ट्यांचा गुण असा की त्यांची मोजणी उंचीवर अवलंबून नाही. सेकंदाला किती पट्टे गेले, हे ट्रकवाल्याला आणि मोटारवाल्याला सारखंच दिसतं.

रस्त्यावरच्या रेघा रोज पाहूनही त्यांच्याबद्दलचा आपला अंदाज किती चुकीचा असतो, याचा एक छान पुरावा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात डेनिस शॅफर यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, महामार्गावरच्या तुटक रेघेचा एक तुकडा किती लांब असतो? सर्वाधिक वेळा आलेलं उत्तर होतं २ फूट. तिथे तो तुकडा १० फुटांचा असतो. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रेघ पाचपट आखूड वाटत असेल, तर ती ज्या वेगाने मागे जाते तोही खऱ्याहून कमी वाटणार. म्हणजे तुटक रेघ आपल्याला वेग सांगते, पण कमी करून सांगते.

आता आडव्या पट्ट्यांकडे परत येतो, कारण त्यांच्याबद्दलची गोष्ट इतकी सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात गॉडली, ट्रिग्ज आणि फिल्ड्स या तिघांनी सिम्युलेटरवर हे पट्टे तपासले. एकदा अंतर आवळत जाणारे, एकदा सारख्या अंतराचे. दोन्ही वेळा वेग उतरला, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग डेंटन यांचा भ्रमाचा सिद्धांत खोटा ठरला का? मला तसं वाटत नाही. सारख्या अंतराचे पट्टेही नजरेला टिपके पुरवतातच, आणि त्याच्या आधी ते आणखी एक काम करतात. बराच वेळ एकसारखा दिसणारा रस्ता इथे वेगळा दिसू लागला, म्हणजे पुढे काहीतरी आहे, एवढं ते चालकाच्या मनात आणून देतात. चालक जागा होतो. वेग कमी होण्यातला मोठा वाटा कदाचित या जागं होण्याचाच असावा.

म्हणूनच ब्रिटनच्या नियमांनी हे पट्टे जपून वापरायला सांगितले. आधी किमान ३ किलोमीटरचा दुभाजक असलेला, मोठा चौक किंवा तीव्र वळण नसलेला रस्ता असेल, तरच पुढच्या चौकाला हे पट्टे मारायचे. जिथे चालकाचे डोळे वेगाला सरावलेले असण्याची शक्यता आहे तिथेच हे औषध द्यायचं. दिसेल त्या चौकाला पट्टे मारले तर आठवड्याभरात ते कुणाला दिसायचे बंद होतील. शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्ह या रस्त्यावर ओक स्ट्रीटपाशी एक अवघड नागमोडी वळण आहे. तिथे २००६ च्या सप्टेंबरमध्ये शहराने असेच आवळत जाणारे पांढरे पट्टे मारले. पुढच्या सहा महिन्यांत आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ३६ टक्के कमी अपघात झाले. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टाइन यांच्या ‘नज’ या पुस्तकाने हे वळण जगभर पोहोचवलं. तिथेही जागेची निवड नेमकी होती, एका ठरावीक जीवघेण्या वळणाची.

इथवर वाचून कुणाला वाटेल की रस्त्यावर रंग वाढला की वेग कमी होतो. अनेक रस्त्यांवर याच्या उलट घडतं, आणि या प्रकरणात मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

रस्त्याच्या मधोमध रेघ आली ती वेगासाठी आली नाही. कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावच्या डॉक्टर जून मॅकॅरोल यांना १९१७ मध्ये समोरून येणाऱ्या ट्रकने रस्त्याखाली उतरायला लावलं. आपापली बाजू कोणती हे दिसत नाही म्हणून असं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. सरकारी कचेऱ्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच मैलभर लांबीची चार इंच रुंद पांढरी रेघ रस्त्यावर ओढली. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियाने ती पद्धत राज्यभर स्वीकारली. मिशिगनमध्ये एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्येच तसं केलं होतं. रस्त्याच्या कडेची रेघ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५० च्या दशकात आली. जॉन डॉर या अभियंत्याने तिचा पाठपुरावा केला. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की चालक मधल्या रेघेला चिकटतात, त्यांना बाहेरच्या बाजूलाही काहीतरी दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्यांचा हेतू एकच, गाडी आपल्या जागेत राहावी.

तो हेतू साधला. पण गाडी जागेत ठेवणं सोपं झालं की चालकाचं मन मोकळं होतं, आणि त्या मोकळेपणाचं तो वेगात रूपांतर करतो. नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी २००४ मध्ये कडेच्या रेघेवरचे देशोदेशीचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या रस्त्यावर मधली रेघ नव्हती तिथे कडेला रेघ मारली, तर वेग वाढला. मधली रेघ काढून तिच्या जागी कडेच्या रेघा आणल्या, तर वेग उतरला. रंग तोच, चालकाला त्यातून मिळणारी खात्री वेगळी.

फिनलंडचा धडा याहून कठोर आहे. तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेल्या साध्या दुपदरी रस्त्यांच्या कडेला दिव्याच्या उजेडात चमकणारे खुंट बसवले. अंधारात वळण आधीच दिसावं हा उद्देश होता आणि तो कुणालाही पटेल असाच होता. कॅलबर्ग या संशोधकाने १९९३ मध्ये त्याचा निकाल मांडला. त्या रस्त्यांवर अंधारातला वेग ताशी ५ ते १० किलोमीटरने वाढला आणि अंधारातले जखमी करणारे अपघात ४० ते ६० टक्क्यांनी वाढले. खुंटांनी रस्ता कुठे जातो हे दाखवलं. त्या रस्त्यावर चालणारा माणूस, बंद पडलेली गाडी, समोर आलेलं हरीण हे दाखवणं त्यांच्या हातात नव्हतं. चालकाने मात्र रस्ता दिसला म्हणजे सगळं दिसलं असं धरून पाय दाबला.

लंडनच्या वाहतूक खात्याने उलट दिशेने प्रयोग केला. तीन रस्त्यांवर नवं डांबर घातल्यावर मधली रेघ पुन्हा मारलीच नाही. २०१४ मध्ये अहवाल आला. त्यात एक गोष्ट सहज नोंदली गेली आहे आणि मला ती मुख्य निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. नुसतं डांबर नवं केल्यानेच वेग वाढतो. तो वाढलेला भाग हिशोबात धरला, तर रेघ नसल्यामुळे झालेली घट वरवर दिसते त्याहून मोठी होती. रेघ नसली की समोरून येणाऱ्याला जागा किती लागेल याचा अंदाज प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि अंदाज घेणारा माणूस हळू जातो.

मग रेघा पुसून टाकाव्यात का? घाटात, धुक्यात, दरीच्या कडेला मला रेघ हवीच आहे. प्रश्न रेघ असावी की नसावी हा नसतो. कोणत्या रस्त्यावर कोणती रेघ, हा असतो. आणि इथे आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणावंसं वाटतं.

एखाद्या राज्यमार्गाचं रुंदीकरण होतं. डांबर गार झालं की रंगाची टोळी येते. दोन माणसं दोरी धरून खडूने खुणा करत पुढे जातात. मागे टेम्पोवर बॉयलरमध्ये थर्मोप्लास्टिकची पांढरी भुकटी १८० ते २०० अंशांवर वितळत असते. ती पातळ होऊन हातगाडीसारख्या यंत्राच्या पेटीत ओतली जाते, यंत्र ढकलत नेलं की मागे वाफाळता पट्टा उमटतो आणि तो ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पेरले जातात. मणी निम्मे-अधिक रुतले पाहिजेत. फार खोल गेले तर उजेड आत शिरत नाही, वरच राहिले तर टायरने निघून जातात. दिव्याचा प्रकाश मण्यातून वळून रंगावर आपटतो आणि जिकडून आला तिकडेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे परततो. कोरड्या रात्री ही रेघ दूरवर उजळते. पाऊस पडून मण्यांवर पाण्याचा थर बसला की तीच रेघ विझते. जिच्या भरवशावर वेग वाढवला ती कोकणातल्या पावसाळी रात्री ऐन वेळी दिसेनाशी होते, आणि वाढलेला वेग तसाच राहतो.

ही टोळी माळावरून येते, गावात शिरते आणि गावातून बाहेर पडते. पट्टा बदलत नाही. माळावर मधोमध तुटक रेघ आणि दोन्ही कडांना सलग रेघ, गावठाणातही तीच. शाळेसमोर, एसटी थांब्यासमोर, पाराजवळ तीच. चालकाने माळावर नव्वदने येताना जे पाहिलं तेच त्याला गावात दिसतं. वेगमर्यादेची पाटी बदलली, पण रस्त्याने त्याला काहीच वेगळं सांगितलं नाही. काही महिन्यांत एखादं पोर गाडीखाली येतं. लोक रस्त्यावर बसतात, टायर जळतात आणि रातोरात गतिरोधक उभा राहतो, बहुधा कुठल्याही मापात न बसणारा. त्या गतिरोधकावर पुढे दुचाकीवाले पडतात. ही साखळी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पाहिली आहे, आणि तिची पहिली कडी त्या पांढऱ्या पट्ट्यात आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. केंद्रीय मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. त्या रकान्यात चालकाचा दोष लिहिला जातो. त्याला तो वेग योग्य का वाटला, हे लिहायला त्यात जागा नाही.

नेदरलँड्सने हाच प्रश्न १९९० च्या दशकात मुळापासून घेतला. रस्ता पाहताक्षणी त्यावर कसं वागायचं ते कळलं पाहिजे, पाटी वाचायची वेळच येऊ नये, अशी ही कल्पना. थीव्ह्स आणि गॉडथेल्प यांनी १९९५ मध्ये तिची मांडणी केली. स्वतःबद्दल स्वतः सांगणारा रस्ता, असं त्यांनी तिला म्हटलं. त्यातून ठरलेली खुणांची भाषा अगदी थोडी आहे. शहराबाहेरचा ताशी १०० चा रस्ता असेल तर मधल्या दोन रेघांच्या आत हिरवा पट्टा. ८० चा असेल तर मधल्या दोन रेघा, पण हिरवा नाही. ६० चा असेल तर मधली रेघ नाहीच, फक्त दोन्ही कडांपासून थोड्या आत तुटक रेघा. या शेवटच्या प्रकारात मधली जागा दोन मोटारींना पुरत नाही. समोरून गाडी आली की दोघांनाही कडेच्या पट्टीवर सरकावं लागतं, आणि त्या पट्टीवर सायकलवाला असेल तर थांबावं लागतं. डांबराची रुंदी कमी न करता नुसत्या रंगाने रस्ता अरुंद केला आहे.

अशा रंगाच्या अरुंदपणाचा परिणाम मोजला तर तो लहान निघतो. मोनाशच्याच संशोधकांनी सिम्युलेटरवर लेन अडीच मीटरपर्यंत आवळून पाहिली, तेव्हा वेग ताशी २ किलोमीटरच्या आसपास उतरला. एवढ्याने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. स्वीडनच्या योरान निल्सन यांनी वेग आणि अपघात यांचं जे नातं बसवलं ते इथे उपयोगी पडतं. सरासरी वेग १ टक्क्याने बदलला की जीवघेणे अपघात सुमारे ४ टक्क्यांनी बदलतात. म्हणजे गावठाणातला सरासरी वेग ६० वरून ५७ वर आला, तर मृत्यू जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटतात. तीन किलोमीटर कुणाला जाणवतही नाहीत. उशीर म्हणावा तर काही सेकंदांचा.

रंगाला मर्यादा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. पुण्याच्या नवले पुलाकडे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून लांबच लांब उतार येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका अवजड गाडीमुळे झालेल्या धडकांच्या साखळीत चाळीसहून अधिक वाहनांचं नुकसान झालं. त्यानंतर तिथे वेगमर्यादा खाली आली, पट्टे आले, रम्बलर आले. बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारवाल्याला त्यांचा उपयोग आहे, कारण त्याचे डोळे वेगाला सरावलेले असतात आणि उतार डोळ्यांना सपाट भासतो. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकून उतरणारा, ब्रेक तापून निकामी झालेला अवजड ट्रक पट्ट्यांनी थांबणार नाही. तिथे उताराचंच काही करावं लागेल. रम्बलरचंही तसंच आहे. त्याचा खडखडाट चालकाला हलवतो हे खरं, पण दुचाकीवाले तो टाळायला साइडपट्टीवरून जातात आणि शेजारच्या घरांतली झोप रात्रभर मोडते. मध्य प्रदेशात वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४५ वर अलीकडे लाल रंगाचे, पाच मिलिमीटर जाडीचे चौकोन टाकले आहेत. रंगाने नजर आणि जाडीने चाक, दोन्हींना एकदम खबर द्यायची, अशी ही जोड आहे. मला ही कल्पना आशादायक वाटते, कारण ती एका ठरावीक टप्प्यापुरती आहे आणि तो टप्पा संपल्यावर रस्ता पुन्हा काळा होतो.

मुंबईत याच विज्ञानाचा वापर एकदा उलट बाजूने झाला. डिसेंबर २००९ मध्ये वडाळ्याजवळ फायनल माइल या सल्लागार संस्थेने मध्य रेल्वेच्या साथीने रूळ ओलांडणाऱ्यांचे मृत्यू कमी करण्यासाठी प्रयोग केला. हर्शेल लिबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात सांगितलं होतं की मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येताना दिसते. लोकल तर अवाढव्य. त्यामुळे ‘अजून लांब आहे’ म्हणत माणूस पाऊल टाकतो. यावर उपाय म्हणून काही-काही स्लीपर सोडून पुढचे पिवळे रंगवले. गाडी ते पिवळे पट्टे एकामागून एक गिळत येताना दिसली की तिचा वेग मोजायला नजरेला माप मिळतं. त्यासोबत हॉर्नची पद्धत बदलली आणि घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले, त्यामुळे श्रेय एकट्या पिवळ्या रंगाला देता येणार नाही. पण मृत्यू कमी झाले, आणि हा सगळा खर्च एका पादचारी पुलाच्या मानाने नगण्य होता. न्यूब्रिजला गाडीतल्या माणसाला स्वतःचा वेग दाखवला होता. वडाळ्याला पायी माणसाला गाडीचा.

आता आपल्या गावठाणांकडे परत येऊ. तिथे वेगळा पट्टा मारायला वेगळा निधी लागत नाही, ही यातली सर्वांत जमेची बाजू. रस्ता नव्याने रंगवायचाच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी-३५ ही रस्त्यावरच्या खुणांची संहिता आहे. २०१५ मध्ये ती सुधारली गेली आणि आडव्या पट्ट्यांचीही तिच्यात सोय आहे. गावाची वेस आली की तिथे आडवे पट्टे, आत कडेच्या रेघा मीटरभर आत सरकवून मोटारीची वाट अरुंद, मधली रेघ गावापुरती बंद, आणि गाव संपलं की पुन्हा पहिला पट्टा. रंग मारण्याआधी आठवडाभर आणि नंतर सहा महिन्यांनी शाळेसमोर स्पीडगन लावून वेगाची नोंद घ्यावी. दर जिल्ह्यात अशी दोन गावं निवडली आणि त्याच मार्गावरची दोन गावं जुन्या पद्धतीनेच रंगवली, तर वर्षभरात आपल्याकडच्या चालकांचे, आपल्या उजेडातले, आपल्या रस्त्यांवरचे आकडे हातात येतील. निविदेत त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल, आणि दोरी धरणाऱ्या त्या दोन माणसांना गावाची वेस कुठे सुरू होते ते दाखवावं लागेल.